सुभेदारांचं वाढतं बोट

डॉ. वैजयंती कानडे यांना वैतागायला फारसं कारण लागत नसे, पण त्या शनिवारी सकाळी कारण चांगलं दोनशे तीन पानांचं होतं. जिल्हा आरोग्य कार्यालयानं दोनशे तीन बंदूक-कुलपांचे वार्षिक अहवाल त्यांच्या पडद्यावर ओतले होते आणि प्रत्येकाखाली त्यांची सही हवी होती, तीही संध्याकाळपर्यंत. उद्या खंडेनवमी, परवा दसरा, मग कार्यालय बंद, म्हणून ही घाई. बाहेर बाकावर तेरा पोरं एका सुरात रडत होती.

"सगळ्यांवर एकदम सही करायचं बटण हाय की हितं," सिस्टर फिलोमिना बारदेस्कर म्हणाल्या. सव्वीस वर्षं त्या या दवाखान्यात होत्या आणि बाईंना सल्ला द्यायला त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती. "दाबा आन् मोकळ्या व्हा."

"न वाचता सही करायला मी काय मंत्री आहे?" बाई म्हणाल्या आणि वाचायला बसल्या. त्यांच्या या खोडीपायी दवाखाना कायम तासभर मागे चालत असे.

लहान मुलांच्या डॉक्टरनं बंदुकांच्या कुलपांवर सह्या का करायच्या, हे परक्या माणसाला सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. घाटमाथ्यावरच्या या तालुक्याला तिन्ही बाजूंनी जंगल. गवे आणि रानडुकरं पिकात उतरतात, त्यामुळे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची बंदूक घरोघरी. त्यात गावोगाव निवृत्त फौजी. वर्षाला दोन-तीन लेकरांना घरातल्याच बंदुकीची गोळी लागायची. त्यातल्या दोघांना बाईंनी स्वतः उचलून गाडीत घातलं होतं. एक परत आलं. दुसऱ्याचं नाव त्यांच्या समोर कुणी काढत नसे.

पोलिसांनी चौकशी केली की लोक बंदूक माळ्यावरून गोठ्यात हलवत, एवढाच फरक पडे. मग वरच्या कुणाला तरी सुचलं की आईबाप आपल्या पायानं, वर्षातून चार वेळा जिथं येतात ती जागा म्हणजे मुलांचा दवाखाना. लस टोचताना डॉक्टर विचारतातच, की विहिरीला कठडा आहे का, फवारणीचं औषध कुठं ठेवता. त्याच सुरात, कपाळाला आठी न घालता, आणखी तीन प्रश्न विचारायचे. बंदूक आहे का? रिकामी असते का? काडतुसं वेगळी, कुलपात असतात का? लोक खरं सांगू लागले. एक उत्तर मात्र शंभरातल्या नव्वदांचं ठरलेलं असे: "पोरांना ठावंच न्हाई ओ कुठं ठेवलीय ती." आणि तेव्हाच आईच्या मांडीवरचं चार वर्षांचं पोर बोट वर करून सांगे, "कपाटावर. गोधडीखाली." बाईंनी या एका उत्तरापायी किती वेळा कपाळावर हात मारून घेतला होता, याची गणती नाही.

म्हणून मग कुलूप आलं. दोन हजार चाळीस साल उजाडायला आलं होतं, अशा काळाला शोभेलसं कुलूप. ते बंदुकीच्या घोड्यावर आणि नळीच्या सांध्यावर एकदम बसे. कुलूप असताना गोळी झाडता येत नाही, तशी नळी सांध्यात मोडून, म्हणजे खाली वाकवून, आत बघताही येत नाही. उघडायला मालकाचं बोट. बोटावरच्या बारीक रेघा आणि त्यांमधल्या खाचा यांतल्या विजेच्या सूक्ष्म फरकावरून ते बोट ओळखायचं. माणसाचं बोट कापतं, भाजतं, सुरकुततं, म्हणून कुलूप दर वेळी आपली आठवण थोडी ताजी करून घेई आणि दोन रेघांतलं अंतर मोजून नोंदवी. कुलूप केव्हा उघडलं याचीही नोंद राही. ही सगळी माहिती फक्त आरोग्य खात्याकडे आणि मुलांच्या डॉक्टरकडे येई, पोलिसांकडे नाही. तसा शब्द बाईंनी प्रत्येक घराला स्वतः दिला होता.

एकशे सतराव्या अहवालावर त्यांचा हात थांबला. *परवानाधारक: सुभेदार (निवृत्त) आनंदा रेडेकर, वय ७१. रेघांतलं अंतर: नोंदणीच्या वेळी ३५२ मायक्रॉन, आज ३७१.*

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्याशा फरकाकडे दुसऱ्या कुणी बघितलंही नसतं. पण बाई तीस वर्षं दुसरं करत काय होत्या? वजन, उंची, डोक्याचा घेर, आणि ते आलेखावर टिंब होऊन बसलं की मागच्या टिंबाला जोडायचं. वाढ त्यांना आकड्यांत दिसायची. त्यांनी कुलपाच्या चौदा महिन्यांच्या नोंदी काढल्या आणि टिंबं जोडली. रेघ सावकाश, इमानानं वर चढत होती.

"सिस्टर, पोरांना थोडं थोपवा," त्या म्हणाल्या आणि कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला.

"मॅडम, आमच्या सिस्टिमप्रमाणे तुमचा तालुका शंभर टक्के सुरक्षित आहे," पलीकडचा तरुण आनंदानं म्हणाला. "पुरस्कार मिळाला ना? अभिनंदन."

"अभिनंदन ठेवा बाजूला. एका बोटाच्या रेघांतलं अंतर वाढलंय."

"कितव्या वर्षी, मॅडम?"

"एकाहत्तराव्या."

"मग ते वाढू शकत नाही. मोठ्या माणसाचं बोट वाढत नाही. म्हणून सिस्टिमनं तो फरक चूक समजून सोडून दिलाय."

"अहो, पण वाढलंय ना!"

"वाढू शकत नाही, मॅडम," तो शांतपणे म्हणाला. बाईंनी फोन ठेवला, नाहीतर तोंडातून काहीतरी वाईट गेलं असतं.

मोठ्या माणसाच्या बोटावर दोन रेघांत जवळजवळ अर्धा मिलिमीटर असतो, म्हणजे पाचशेच्या आसपास मायक्रॉन. साडेतीनशे असतात ते पाच-सहा वर्षांच्या लेकराच्या बोटावर. आणि अंगाबरोबर बोट वाढतं तशा रेघा एकमेकींपासून लांब होत जातात. सुभेदार रेडेकरांच्या बंदुकीचं कुलूप चौदा महिने कुणीतरी वाढत्या अंगाचं लेकरू उघडत होतं. बाईंनी उरलेले अहवाल त्याच नजरेनं चाळले. एकामागून एक चढत्या रेघा. दोनशे तीनपैकी एकेचाळीस.

वैताग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी नुसती भीती उरली. उद्या खंडेनवमी. तालुक्यातली प्रत्येक बंदूक उद्या देवापुढं यायची होती, हळदकुंकवाला. आणि त्याआधी, आज, पुसायला तिचं कुलूप निघणार होतं.

"रेडेकरांचं कुलूप दर दोन-तीन दिवसांनी चार-सव्वाचारला उघडलंय," त्या म्हणाल्या. "बुधवारी मात्र रात्री."

"रात्री डुकरं आली असतील," सिस्टर म्हणाल्या. "पण चारला? चारला सुभेदार डेअरीच्या कट्ट्यावर असतोय. सूनबाई त्या वेळी बचत गटात." मग त्यांच्याच लक्षात आलं. "म्हंजे घरात नुसती पोरं!"

पडद्यावर अहवालाखाली एक तांबडं बटण होतं: *गैरवापर*. ते दाबलं की निरोप थेट पोलिसांत. बंदूक जप्त, परवाना रद्द. पलीकडच्या तालुक्यातल्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी ते एकदा दाबलं होतं. त्या दिवसापासून त्यांच्या दवाखान्यात "बंदूक आहे का?" या प्रश्नाला एकाही घरानं होकार दिलेला नाही. कागदावर त्या तालुक्यात आज एकही बंदूक नाही. बाईंनी बटण दाबलं नाही, सही केली नाही. तेरा पोरांना दसऱ्यानंतर यायला सांगितलं, आयांची बोलणी खाल्ली आणि सिस्टरना घेऊन गाडीत बसल्या.

रेडेकरांच्या सोप्यात घोंगडं अंथरलं होतं. त्यावर कोयते, विळे, एक जुनी तलवार आणि मधोमध बंदूक, कुलपासकट. सुभेदार मांडी घालून कोयत्याला तेल लावत होते. सत्तरी उलटली तरी पाठ ताठ, मिशी पांढरी आणि दरारा गावभर.

"शर्वे! ये गं, बोट लाव," त्यांनी आत हाक मारली आणि दारात उभ्या बाईंना बघून उठले. "आवो, डॉक्टरबाई! या की. पल्लवी, चहा टाक गं."

सात वर्षांची शर्वी धावत आली आणि सवयीनं बंदुकीशी गुडघे टेकून बसली.

"थांब, बाळ," बाई म्हणाल्या. त्यांना ओरडायचं होतं. ओरडल्या असत्या तर इथंच सगळं संपलं असतं, हेही त्यांना ठाऊक होतं. "सुभेदार, कुलूप ही उघडते?"

"मग कोण? माझं उमटतंय कुठं?" त्यांनी अंगठा पुढं केला. सत्तावीस वर्षं फौजेत आणि नंतर ऊसतोडीत झिजून तो गुळगुळीत झाला होता. "रेशनच्या मशिनीत उमटत न्हाई, ब्यांकेत उमटत न्हाई. नोंदणीच्या दिशी तुमच्या दवाखान्यात बारा येळा लावला. आठवतंय न्हवं?"

"म्हणून नातीचं लावलंत? सहा वर्षांच्या मुलीचं? जिच्यापासून बंदूक लांब ठेवायला ते कुलूप दिलं, तिचंच?" आता मात्र बाईंचा आवाज चढला. "काय म्हणावं तुम्हाला!"

"मला कशाला म्हणता?" सुभेदार शांतपणे म्हणाले. "तुम्हीच म्हणालासा की."

"मी?"

"तुम्हीच. लाईट गेल्याली, रांग पार रस्त्यापातुर. तुम्ही आतनं ओरडलासा, 'घरातल्या कुणाचंही बोट चालेल, पण लावा आणि पुढं व्हा!' मी एकटा न्हवतो. समद्यांनी ऐकलं."

बाईंनी सिस्टरकडं बघितलं. सिस्टर घोंगडीकडं बघत होत्या. बाईंना तो दिवस आठवला: अंगाला चिकटलेला डगला, संपत चाललेली बॅटरी, पुन:पुन्हा तांबडा दिवा लागणारी म्हाताऱ्यांची बोटं आणि त्यांचा स्वतःचा सुटलेला तोल. कुणाचंही म्हणजे मोठ्या माणसाचं, हे सांगायची गरज त्यांना वाटली नव्हती. पण मुलांच्या दवाखान्यात म्हाताऱ्याच्या शेजारी रांगेत उभं असतं कोण? लस टोचायला आणलेलं नातवंड. मऊ, ओलसर, पहिल्या झटक्यात उमटणारं बोट. एकेचाळीस घरांनी डॉक्टरांचं म्हणणं ऐकलं होतं. जन्मात पहिल्यांदाच, आणि तेही नेमकं हे.

"पल्लवी होती ना त्या दिवशी बरोबर?" बाईंनी हळूच विचारलं. "तिचं का नाही लावलं?"

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. सून चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. "सुनंकडं मागायचं?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "'बंदूक उघडून दे' म्हणून? नातीकडं मागायला लाज वाटत न्हाई, बाई." मग लगेच आवाज उंच करून, "आन् रिकामी असती कायम. शंभरदा बघतो मी. पोरगी माझ्याबिगर हात लावत न्हाई."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. वाद घालून या उत्तराचं काहीही होत नाही, हे बाई तीस वर्षं बघत आल्या होत्या. त्या शर्वीजवळ घोंगड्यावर बसल्या आणि दवाखान्यात विचारतात तसं विचारलं, "शर्वी, दुपारी आबा नसतात तेव्हा पण उघडतेस ना? मी रागावणार नाही. काय करतेस मग?"

शर्वीनं आबांकडं बघितलं. बाईंच्या चेहऱ्यावर खरंच राग नव्हता. "चोर-पोलीस," ती म्हणाली. "आरुष चोर. तो भिंतीपाशी हात वर करतो. मी ठो म्हणते. मग तो पडतो."

आरुष म्हणजे तिचा धाकटा भाऊ, चार वर्षांचा.

"आणि आत गोळी असली तर?"

"मी बघते आत. असली तर काढून ठेवते."

"दर वेळी बघतेस?"

शर्वीनं विचार केला. "आठवलं तर."

पल्लवीच्या हातातला ट्रे भिंतीला टेकला आणि कपबशा खडखडल्या.

"बुधवारपासून पण खेळलोच न्हाई," शर्वी तक्रारीच्या सुरात म्हणाली. "आरुषला ताप हुता. तुम्हीच औषध दिलं. आज उतरला त्याचा. आता चारला खेळणार."

सोप्यातल्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

"सुभेदार, तिचं बोट काढायचं तर एकदा तिनंच उघडावं लागेल," बाई म्हणाल्या. "नळी जमिनीकडं धरा. पल्लवी, आरुषला घेऊन मागच्या दारी जा. सिस्टर, तुम्हीही."

सुभेदारांनी फौजी सवयीनं बंदूक घट्ट धरली. शर्वीनं बोट ठेवलं. हिरवा दिवा लागला आणि कुलूप निसटून घोंगड्यावर पडलं. बाईंनी मुलीला झटकन मागं ओढलं. सुभेदारांनी नळी मोडली.

डाव्या नळीत तांबडं काडतूस होतं. जिवंत.

"काढलं हुतं मी," सुभेदार म्हणाले. "बुधवारी पोरीला झोपंतनं उठवून कुलूप काढलं, दोन भरली. एक वाजवलं, डुक्कर पळालं. मग कुलूप लावलं... दुसरं काढलं हुतं. काढलंच हुतं की मी." ते त्या काडतुसाकडं बघत तीन-चारदा तेच बोलले. मग त्यांनी ते बाहेर ओढलं आणि ते हातातून निसटून घोंगड्यावर गडगडत गेलं. ते उचलायला कुणीच वाकलं नाही.

बाईंनी सांगायचं ठरवलेलं सगळं व्याख्यान तसंच राहिलं. आता ते सांगून कुणाचं भलं होणार होतं? त्यांनी कुलूप उचललं आणि त्यातून शर्वीचं बोट काढून टाकलं.

"पल्लवी," सुभेदारांनी हाक मारली. ती आली, आरुषला कडेवर घट्ट आवळून. "हितं बोट लाव, बाई. तुझंच राहू दे."

"आणि काडतुसं माझ्या कपाटात राहतील, मामंजी," पल्लवी म्हणाली. "किल्ली माझ्या गळ्यात. डुकरं आली की मला उठवा. चहा मागता तसंच मागायचं. त्यात काय लाजायचं?"

"व्हय," सुभेदार म्हणाले. आयुष्यात सुनेला त्यांनी दिलेला हा बहुधा पहिलाच होकार असावा.

गाडी आपली आपण घाटवाटेनं परत निघाली. बाईंनी अहवाल पुन्हा उघडला. *गैरवापर*च्या तांबड्या बटणाकडं बघून त्यांना पुन्हा वैताग आला, या वेळी फक्त स्वतःचा. त्यांनी बटणाला हात लावला नाही. जिल्ह्याला सरळ पत्र लिहायला घेतलं: तालुक्यातली एकेचाळीस कुलपं लहान मुलांच्या बोटांवर उघडतात, नोंदणीच्या दिवशी तसं करायला मी सांगितलं, घरांचा दोष नाही, दोष माझा, दुरुस्त मीच करीन.

"पुरस्कार परत मागतील," सिस्टर म्हणाल्या.

"मागू देत. उघडझाप करणारा दिवा आहे नुसता त्यावर, डोक्याला ताप." बाईंनी यादीतला पहिला नंबर लावला. घरमालक भेटले. बाईंनी माफी मागितली, काय झालं ते सांगितलं, आजच्या आज कुणाचं बोट लावायचं ते ठरवून घेतलं. दुसऱ्या घरी सासूबाई आधी भांडल्या, मग घाबरल्या, मग ऐकलं. तिसऱ्या घरी आईनं पोराला विचारलं, त्याचं उत्तर ऐकलं आणि ती फोनवरच रडायला लागली. एकेचाळिसांतली तीन घरं झाली आणि सूर्य घाटाकडं कलला.

चौथा नंबर बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला.

"हॅलो, मी डॉक्टर कानडे. आजोबा आहेत का घरी?"

"न्हाईत," पलीकडून बारीक आवाज आला. "झेंडूची फुलं आणायला गेल्यात. आई पण गेलीया."

"बरं. तू काय करतोयस?"

"बंदूक पुसाय काढतोय. आबा येतीस्तवर तयार करून ठेवतो. कुलूप उघडलंय मी."

सिस्टरनी गाडीला त्या गावचा रस्ता सांगितला. गाडी वळली. अकरा किलोमीटर, पडद्यावर आकडा उमटला. बाईंचा आवाज मात्र लस टोचतानाचाच राहिला.

"शाबास. आता एक कर हं, राजा. ती आहे तिथंच खाली ठेव. हळूच. ठेवलीस? आता फोन घेऊन अंगणात ये, आणि दार ओढून घे. ये बाहेर. मी बोलतेय तुझ्याशी. मी येईपर्यंत आपण बोलतच राहायचं."

पलीकडं दाराची कडी वाजली, आणि कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला.

"आलो," तो म्हणाला. "काय बोलायचं?"